चूक कोणाची? चालणाऱ्याची की चालवणाऱ्याची



आजचा विषय पायी चालणाऱ्यांचा आहे आणि गाडी चालवणाऱ्यांचाही. आपण सगळे दिवसातून चार वेळा या बाजूचे त्या बाजूला होतो. गाडीत बसलो की वाटतं, ही माणसं बघून का चालत नाहीत? गाडी लावून खाली उतरलो की पाच मिनिटांत वाटतं, हे गाडीवाले माणसं आहेत की कोण! माणूस तोच, फक्त बसायची जागा बदलली.

मी राहतो बनारसला. इथला गोदौलिया चौक ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं बरंचसं सांगायची गरज नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दशाश्वमेध घाटाकडे आणि विश्वनाथाकडे जाणारी बहुतेक गर्दी या एका चौकातून जाते. डोक्यावर गाठोडं घेतलेले यात्रेकरू, हातात सेल्फीची काठी घेतलेली पोरं, दुधाच्या कॅन लटकवलेल्या मोटारसायकली, साड्यांचे गठ्ठे नेणाऱ्या सायकल-रिक्षा, बॅटरीवर चालणारे टोटो, आणि या सगळ्यांच्या मधोमध निवांत उभा असलेला एखादा साँड. १३ डिसेंबर २०२१ ला विश्वनाथ धाम खुलं झालं, तेव्हापासून ही गर्दी कितीतरी वाढली. श्रावणात आणि मोठ्या सणांना मैदागिन ते गोदौलिया हा रस्ता गाड्यांना बंद करतात, तेव्हा कुठे माणसाला श्वास घेता येतो.

गंमत अशी, की गोदौलियाच्या त्या गर्दीत धक्के लागतात, पायावरून चाक जातं, शिव्या होतात, पण माणूस मरण्याची वेळ क्वचित येते. शहराबाहेर पडा, प्रयागराजकडे जाणाऱ्या सहापदरी रस्त्याला लागा. रस्ता मोकळा, गुळगुळीत, वळणं कमी. आणि जीव जातात ते तिथे. तेव्हा आपला पहिला मुद्दा हाच की गोंधळाने माणूस जखमी होतो, वेगाने मरतो.

हे जरा आकड्यांत बघू. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. भागाकार करा, रोजची नव्वद होतात. फौजेत बटालियनची एक रायफल कंपनी साधारण सव्वाशे जवानांची धरा. म्हणजे दीड दिवसाला एक अख्खी कंपनी, आणि तीही पायी चालताना. मृत्यूंच्या यादीत त्या वर्षी पहिलं राज्य होतं आमचं उत्तर प्रदेश, २२,५९५.

आता वेगाचं गणित. हे मी फळ्यावर लिहून दाखवतो तेव्हा लोक मान डोलावतात आणि घरी जाताना पुन्हा साठने जातात. तरी सांगतो.

समोर कोणी आलं हे डोळ्यांना दिसणं, मेंदूला कळणं आणि पाय ब्रेकवर जाणं, याला चांगल्या सावध माणसाला साधारण एक सेकंद लागतो. त्या सेकंदात गाडी आधीच्याच वेगाने पुढे जात असते. ताशी ४० किलोमीटरला हे अंतर ११ मीटर. मग ब्रेक लागतो. कोरडा डांबरी रस्ता, चांगले टायर असतील तर थांबायला अजून ९ मीटर. एकूण २० मीटर. ताशी ६० ला हेच गणित करा. पहिल्या सेकंदात जवळपास १७ मीटर, ब्रेकला २० मीटर, एकूण ३७.

इथपर्यंत सगळ्यांना कळतं. पण खरी गोष्ट पुढे आहे. समजा एक बाई तुमच्यापासून बरोबर २० मीटरवर रस्त्यात आली. ४० ने चाललेली गाडी तिच्या पदराजवळ येऊन थांबली. ती घाबरली, तुम्ही घाबरलात, दोघांनी एकमेकांना चार शब्द सुनावले, विषय संपला. तीच गाडी ६० ने असती तर? १७ मीटर तर नुसते कळण्यातच गेले. ब्रेकला उरले तीन-सव्वातीन मीटर. तेवढ्यात वेग किती उतरतो? साठाचा पंचावन्न. म्हणजे जिथे पहिली गाडी पूर्ण उभी राहिली होती, तिथे दुसरी गाडी त्या बाईला ताशी ५५ किलोमीटरने धडकते. फरक वीस किलोमीटरचा नाही मंडळी, फरक आहे वाचणं आणि मरणं यांतला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. आणि ५० चा वेग ६५ झाला, तर मोटारीच्या धडकेने पायी माणूस मरण्याचा धोका साडेचार पट होतो.

यातून जबाबदारीचं वाटप आपोआप निघतं. दोघांची जबाबदारी आहे याचा अर्थ दोघांची सारखी जबाबदारी आहे असा नाही. गोळीबाराच्या मैदानाचं उदाहरण देतो. सराव चालू असतो तेव्हा मैदानावर लाल झेंडा लावतात. तो दिसत असताना गुरं घेऊन आत शिरणारा चुकतोच. पण म्हणून रायफल हातात असणाऱ्याला ‘मी काय करू, तोच मध्ये आला’ असं म्हणता येत नाही. माणूस दिसला की गोळीबार थांबवायचा, हा हुकूम रायफलवाल्यालाच असतो. हत्यार ज्याच्या हातात, सेफ्टी कॅचही त्याच्याच बोटाखाली. बाराशे किलोची मोटार आणि साठ किलोचा माणूस यांचा हिशेब असाच आहे. हॉलंडमध्ये तर कायद्यातच हे लिहून ठेवलंय. मोटारीने पायी माणसाला किंवा सायकलवाल्याला ठोकलं तर भरपाईचा भार आधी मोटारवाल्यावर, आणि समोरचं पोर १४ वर्षांखालचं असेल तर जवळपास सगळाच.

इतकं बोललो की मोटारवाले नाराज होतात. थांबा, आता चालणाऱ्यांकडे येतो.

पायी माणसाची सगळ्यात मोठी चूक कोणती? घाईने पळणं ही नव्हे. चूक अशी की त्याला वाटतं, मला गाडी दिसतेय म्हणजे गाडीवाल्यालाही मी दिसतोय. हे दिवसा पुष्कळदा खोटं असतं आणि रात्री तर जवळजवळ नेहमीच. उभ्या बसच्या पुढून किंवा मागून एकदम रस्त्यात पाऊल टाकणारा माणूस त्या क्षणापर्यंत कोणालाही दिसलेला नसतो. रात्री गडद कपड्यांतला माणूस खाली वळवलेल्या दिव्यांत साधारण तीस मीटरवर आल्यावर दिसतो. आता वरचं गणित आठवा. ६० च्या गाडीला थांबायला ३७ मीटर लागतात. म्हणजे तो दिसला तेव्हाच वेळ निघून गेलेली होती. ड्रायव्हर दारू प्यालेला नसेल, फोनवर नसेल, अगदी सज्जन असेल, तरी.

काशीत हे सगळ्यात चांगलं समजतं पंचक्रोशीच्या वाटेवर. मणिकर्णिकेवर संकल्प सोडून निघायचं, कंदवा म्हणजे कर्दमेश्वर, मग भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा असे पाच मुक्काम करत परत यायचं. ऐंशीएक किलोमीटरची वाट. एरवी लोक पाच दिवसांत करतात, महाशिवरात्रीला हजारो लोक एका रात्रीत आणि दिवसात पुरी करतात, पुष्कळसे अनवाणी. पूर्वी ही वाट आमराईतून, तळ्यांच्या काठाने जायची. आता तिला महामार्ग छेदतात, बाजूने ट्रक जातात. चालणारा माणूस पहाटे तीनला अर्धा झोपेत असतो, आणि ट्रक चालवणाराही.

आपल्याकडच्या वारीची आठवण इथे येतेच. ३१ ऑक्टोबर २०२२ ला संध्याकाळी सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ कार्तिकीला निघालेल्या कोल्हापूरकडच्या दिंडीत मोटार घुसली. सात वारकरी गेले. आषाढीच्या मोठ्या पालख्यांबरोबर पोलीस असतात, पुढची वाहतूक वळवलेली असते. कार्तिकीच्या, माघीच्या छोट्या दिंड्यांबरोबर असं काही नसतं. पन्नास-साठ माणसं, पुढे वीणेकरी, मागे सामानाचा टेम्पो, आणि अंधार पडत आलेला रस्ता.

फौजेत पायी तुकडी रस्त्याने नेताना काय करतात ते सांगतो, दिंडीवाल्यांना उपयोगी पडेल. तुकडीच्या पुढे आणि मागे थोडं अंतर ठेवून एकेक माणूस असतो. दिवसा त्याच्या हातात झेंडी, रात्री दिवा. मागच्याचा दिवा लाल. तुकडी रस्ता ओलांडते ती एकदम, पट्ट्यासारखी, एकेक करून नव्हे. आणि मागचा माणूस सगळ्यात नवा शिपाई नसतो, चांगला जुना, डोकं शाबूत असलेला असतो. दिंडीत नेमकं उलटं होतं. जाणती माणसं पुढे भजनात आणि मागे राहतात थकलेल्या म्हाताऱ्या. मागच्या दोघांच्या अंगात कापडबाजारात मिळणारं चमकत्या पट्टीचं जाकीट असलं तरी शंभर मीटरच्या पुढून ते दिसतं. दीड-दोनशे रुपयांची गोष्ट.

एकटा-दुकटा माणूस फुटपाथ नसलेल्या रस्त्याने चालत असेल तर उजव्या कडेने चालावं, समोरून येणारी गाडी दिसेल असं. हे आपल्याकडे शाळेत शिकवतच नाहीत. सगळ्यांना ‘डावीकडून चाला’ एवढंच पाठ. ते गाड्यांसाठी आहे. पोराचा हात धरलाय तर पोर रस्त्याच्या नव्हे, कडेच्या बाजूला. आणि अर्ध्या रस्त्यात जाऊन घाबरून परत फिरू नका. ड्रायव्हरने तुमच्या पाठीमागून काढायची ठरवलेली असते आणि तुम्ही नेमके तिथेच परत येता. बनारसचे जुने लोक रस्ता ओलांडताना हात आडवा पसरून सावकाश एका चालीने जातात. बाहेरचा माणूस हसतो, पण ते बरोबर करतात. त्यांची चाल ड्रायव्हरला ओळखता येते.

म्हाताऱ्या माणसांचं वेगळं गणित आहे. रस्त्याची आखणी करणारे लोक माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. सात मीटरचा रस्ता म्हणजे सहा सेकंद. गुडघे गेलेल्या आजींना त्याच रस्त्याला नऊ सेकंद लागतात. ६० ने येणारी गाडी नऊ सेकंदांत दीडशे मीटर येते. म्हणजे आजींनी दीडशे मीटर लांबची गाडी बघून तिच्या वेगाचा अंदाज बांधायचा. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी. हे त्यांना जमणार नाही, म्हणून ते गाडीवाल्यानेच करायचं असतं. रस्त्याच्या कडेला पांढरं डोकं किंवा दप्तर दिसलं की पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा, हात हॉर्नवर न्यायचा नाही. हॉर्न म्हणजे ब्रेक नव्हे.

टोटोबद्दल दोन शब्द. बॅटरीच्या रिक्षाला कायद्याने ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त वेग नाही आणि चारपेक्षा जास्त प्रवासी नाहीत. आमच्याकडे सहा बसलेले असतात, सातवा लटकलेला. पण त्याचा खरा धोका वेगळा आहे. तो येतो हे ऐकू येत नाही. आपल्या देशातला पायी माणूस डोळ्यांपेक्षा कानांनी रस्ता ओलांडतो. इंजिनाचा आवाज नाही म्हणजे मागे कोणी नाही, असं कान सांगतो. आता विजेच्या स्कूटर आणि मोटारी पुण्या-नागपुरातही वाढल्यात. तेव्हा ही कानाची सवय सोडा, मान वळवून बघा. कानात गाणी लावून चालणाऱ्यांबद्दल तर मी काही बोलतच नाही.

एक जुनी गोष्ट आठवली म्हणून सांगतो. १७ ऑगस्ट १८९६ ला लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसजवळ ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई मोटारीखाली सापडून गेली. ब्रिटनमध्ये मोटारीने मेलेला पहिला पायी माणूस म्हणून तिची नोंद आहे. ड्रायव्हरने सांगितलं की मी ताशी चार मैलांनी चाललो होतो. साक्षीदार म्हणाले, भरधाव होता. चौकशीत निकाल आला अपघाती मृत्यूचा, आणि चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने अशी गोष्ट पुन्हा कधी होऊ नये अशी आशा व्यक्त केली. सव्वाशे वर्षं झाली, साक्षी अजून त्याच चालू आहेत.

आता कायदा. इथे लोकांचे दोन मोठे गैरसमज आहेत, आणि ते मी इथेच घडलेल्या एका प्रसंगातून सांगतो.

गेल्या हिवाळ्यात सोनारपुऱ्याच्या रस्त्यावर महाराष्ट्रातून आलेली यात्रेची बस थांबली होती. जिथे थांबायला नको तिथेच, पण ते असो. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी खाली उतरल्या आणि बसच्या पुढून पलीकडे निघाल्या. मोटारसायकलवरून दूध घालणारा एक पोरगा बसला ओलांडून येत होता. आजी पडल्या, मांडीचं हाड मोडलं. मी तिथे पोचलो तेव्हा दहा मिनिटं झाली होती आणि तीस-चाळीस माणसं एकच वाद घालत होती, चूक कोणाची. अर्धे म्हणत होते माताजी न बघता आल्या, अर्धे म्हणत होते लडका तेज होता. दोन्ही खरं होतं. आजी जमिनीवरच होत्या. पोरगा मात्र पळाला नव्हता. त्यानेच शेवटी टोटो थांबवला, आणि आजी त्याही अवस्थेत म्हणाल्या, ‘अहो, त्या लेकराला मारू नका.’

दोन दिवसांनी त्यांचा मुलगा गावाहून आला. मी त्याला भरपाईचं विचारलं तर म्हणाला, ‘साहेब, चूक आमच्याच आईची होती, मग मागायचं कोणत्या तोंडाने?’

हा पहिला गैरसमज. पायी माणसाची थोडी चूक असली म्हणजे त्याचा हक्क संपत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण दोघांच्या चुकीचं माप काढतं. समजा आजींची चूक पंचवीस टक्के धरली, तर भरपाईतून तेवढे पंचवीस टक्के कापले जातात, उरलेले पंचाहत्तर मिळतात. लहान मुलांच्या बाबतीत तर न्यायालयं सहसा त्यांची चूक धरतच नाहीत. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम १६४ आहे. त्याखाली चूक कोणाची हे सिद्धच करावं लागत नाही. मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, गाडीमालकाने किंवा त्याच्या विमा कंपनीने द्यायचे. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापतच आहे. गाडी ठोकून पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी सरकारी योजनेतून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. हे १ एप्रिल २०२२ पासूनचे आकडे आहेत.

त्याला दुसरी अडचण वाटत होती की दरवेळी बनारसला तारखेला कसं यायचं. यायची गरज नाही. दावा अपघाताच्या ठिकाणी करता येतो तसा दावेदार जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो. काशी-रामेश्वर करणाऱ्या प्रत्येक मराठी घराने हे लक्षात ठेवावं. फक्त वेळ घालवू नये, कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. त्या मुलाने अर्ज केलाय, निकाल यायचाय.

दुसरा गैरसमज गाडीवाल्यांचा. त्यांना वाटतं, मागून ठोकलं तरच माझी चूक, माणूस मध्ये आला तर नाही. २०१७ च्या वाहनचालनाच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की पायी चालणारे, सायकलवाले, मुलं, वृद्ध, दिव्यांग यांची चालकाने विशेष काळजी घ्यायची. सिग्नल नसलेल्या झेब्रा पट्ट्यावर माणूस असेल तर थांबून त्याला आधी जाऊ द्यायचं. आणि एक जुना नियम होता, १९८९ च्या नियमांतला, जो मला फौजी म्हणून फार आवडतो. मिरवणूक किंवा फौजेची, पोलिसांची चालती तुकडी यांच्या बाजूने जाताना गाडीचा वेग २५ च्या वर नसावा, असं त्यात होतं. म्हणजे दिंडी दिसली की पंचवीस. किती ड्रायव्हरांना हे माहीत होतं? बेदरकार चालवण्याने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आधी दोन होती. अल्पवयीन पोराच्या हातात गाडी दिली तर पालक किंवा गाडीमालक तीन वर्षांपर्यंत आत जाऊ शकतो. सोळा वर्षांच्या मुलाला कौतुकाने गाडी देणाऱ्या बापांनी हे वाचून ठेवावं.

गाडीत बसलेल्यांनाही मी सोडत नाही. फौजी गाडीत ड्रायव्हरशेजारी बसलेला वरिष्ठ त्या गाडीचा जबाबदार असतो. वेग वाढला तर जाब त्यालाही विचारतात. गाडी मागे घ्यायची तर कोणीतरी खाली उतरून मागे उभं राहून इशारा द्यायचा, त्याशिवाय गाडी मागे जात नाही. घराच्या फाटकातून गाडी मागे काढताना आपलंच खेळतं पोर सापडल्याच्या बातम्या आपण वाचतो. तेव्हा शेजारी बसलेल्या काकूंनी ‘अहो, जरा हळू’ म्हणायचं असतं, आणि काकांनी ते ऐकायचं असतं.

आतापर्यंत दोघांचंच बोललो, पण वादात एक तिसरा असतो जो कधीच हजर नसतो. ज्याने रस्ता बांधला तो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत फुटपाथवर किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी जागा सांगितलीय. आपल्या गावातला फुटपाथ मोजून बघा. त्यावर रोहित्र, पानाची टपरी, लावलेल्या मोटारसायकली आणि उरलेल्या जागेत उघडं गटार. मग माणूस रस्त्यात उतरतो आणि आपण त्याला बेशिस्त म्हणतो. लखनौपासून लातूरपर्यंत हेच. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालण्याजोगा फुटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. रस्त्याच्या आखणीत किंवा देखभालीत ठरलेले निकष न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर ठेकेदाराला, यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड, असं कलम १९८-अ २०१९ च्या दुरुस्तीत आलंय. एक लाख ही रक्कम अशा ठेकेदारासाठी काय आहे ते तुम्हीच ठरवा, पण निदान नाव घेण्याची सोय झाली.

जागा नीट केली की माणसं नीट वागतात हे गोदौलियातच दिसतं. २०२१ मध्ये तिथे दुचाकींसाठी बहुमजली वाहनतळ झाला, घाटाकडचा रस्ता चालणाऱ्यांसाठी दगड घालून नीट केला. तेच बनारसी, तेच टोटोवाले, पण त्या तुकड्यात आजी-आजोबा निवांत चालतात.

आणि जागा नीट नसली की काय होतं तेही याच शहराने पाहिलंय. राजघाटाचा मालवीय पूल, १८८७ चा, जुनं नाव डफरिन पूल. खाली रेल्वे, वर रस्ता. १५ ऑक्टोबर २०१६ ला जय गुरुदेव पंथाच्या अनुयायांची मिरवणूक या पुलावरून चालली होती. परवानगी मागितली होती काही हजारांची, आले कितीतरी पट. अरुंद पूल, उकाडा, गाड्या आणि माणसं एकाच रस्त्यात कोंडलेली, आणि त्यात पूल तुटल्याची अफवा. चेंगराचेंगरीत चोवीस माणसं गेली. तिथे एकही गाडी वेगात नव्हती. किती माणसं, किती वाजता, कोणत्या बाजूने, आणि त्या वेळी गाड्या कुठे थांबवायच्या, हे आधी कागदावर ठरवलं नाही की असं होतं. आता श्रावणात प्रयागराज-वाराणसी महामार्गाची एक बाजू कावडियांसाठी राखून ठेवतात, गाड्या दुसऱ्या बाजूने सोडतात. गाडीवाले कुरकुरतात, पण कामाची गोष्ट आहे. आपल्याकडे पालखी मार्गाचं काम ८ नोव्हेंबर २०२१ ला सुरू झालं तेव्हा दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी वेगळी चालवाट आखली, ती याच विचाराने.

शेवटी अपघात झालाच तर काय करायचं ते सांगतो, म्हणजे चाळीस माणसं दहा मिनिटं भांडत उभी राहणार नाहीत. आधी मागून येणारी वाहतूक थांबवा, एक माणूस पन्नास-साठ पावलं मागे उभा करा, नाहीतर दुसरा अपघात तिथेच होतो. मग ११२ किंवा १०८ ला फोन. मान किंवा पाठ दुखावली असेल तर ओढाताण करून उचलू नका, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. पाणी, चहा पाजू नका, पुढे शस्त्रक्रिया लागू शकते. गाडीचा नंबर आणि जागेचा फोटो काढा, तो दोन्ही पक्षांच्या उपयोगाचा असतो. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतात ही भीती आता सोडा, २०१९ पासून कलम १३४-अ त्याला संरक्षण देतं. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही. उलट जखमीला पहिल्या तासात रुग्णालयात पोचवणाऱ्यासाठी ‘राह-वीर’ योजनेत २५,००० रुपयांचं बक्षीस आहे. आणि मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजना लागू आहे. ती नेमलेल्या रुग्णालयांत चालते, म्हणून ११२ ला फोन केलात की जवळचं असं रुग्णालय कोणतं हेही त्याच वेळी विचारून घ्या.